रुखवतातला एकावन्नावा नग

हिंगोली,
दि. १४ सप्टेंबर

तीर्थरूप नानामामांना,

शिवकन्येचा नमस्कार. वाकून करायचा नमस्कार पाकिटात मावत नाही, तरी मी वाकले आहे असं धरून चालावं. तुमचा उजवा गुडघा कसा आहे? मामींनी आईला सांगितलं की तुमचं बीपीही वाढलं आहे आणि म्हणून लोणचं बंद केलं आहे. या बाबतीत मला एक गोष्ट नोंदवायची आहे. तुमच्याकडचं बीपीचं यंत्र आठ अंक जास्त दाखवतं. मी ते दिवाळीत तपासलं होतं आणि खाली तशी चिठ्ठीही चिकटवली होती. (चिठ्ठी मामींनी पुसताना काढली असणार.) तेव्हा मामी जो आकडा सांगतील त्यातून आठ वजा करा आणि उरलेल्या आकड्यावर लोणच्याचा निर्णय घ्या. केळीची बाग वाऱ्यात आडवी झाली नाही हे ऐकून बरं वाटलं. इकडे बाबा ठीक आहेत. आईचा घसा बसला आहे, पण बोलणं कमी झालेलं नाही.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं असं तुम्ही म्हणाल. आलं नसतं. तुम्ही फोन स्पीकरवर ठेवता, आणि त्या वेळी ओसरीवर मामी, दूध घालणारे हरिचंदभाऊ आणि पाण्याची पाळी विचारायला आलेलं कुणी ना कुणी बसलेलं असतं. मागे मी फक्त दाढ दुखते म्हणाले, तर दुसऱ्या दिवशी तुमच्या गावाहून, डोंगरकड्याहून, हिंगोलीला आलेल्या तीन वेगवेगळ्या माणसांनी मला लवंगा आणून दिल्या. पुढची माहिती अशी वाटायची नाही. पत्र वाचून झाल्यावर फाडा. जपून ठेवू नका. (वस्तू जपून ठेवण्याबद्दल माझं मत बदललं आहे, ते पुढे येईल.)

गेल्या आठवड्यात तुम्ही विचारलंत की ती डब्बी गेल्याचा राग अजून आहे का. मी नाही म्हणाले, आणि ते खरं आहे. पण ते का खरं आहे हे सांगायचं तर सुरुवातीपासून सांगावं लागेल, कारण ती डब्बी म्हणजे काय होतं हे तुम्हाला आठवत नाही असं लग्नाच्या दिवशीच माझ्या लक्षात आलं. ती तुम्हीच आणली होती. २००४ च्या उन्हाळ्यात मला कावीळ झाली आणि दीड महिना घराबाहेर पडायचं नव्हतं, तेव्हा तुम्ही नांदेडहून टीव्ही गेम घेऊन आलात. करड्या रंगाचं यंत्र, दोन रिमोट आणि एक पिवळी कॅसेट, जिच्यावर ९९९ खेळ असं छापलेलं होतं. (खेळ सव्वीस आहेत. बाकीचे म्हणजे तेच सव्वीस वेगवेगळ्या नावांनी पुन्हा येतात. कावीळ उतरेपर्यंत मी सगळे ९९९ उघडून पाहिले होते. माझं तांत्रिक शिक्षण तिथे सुरू झालं असं मी मानते.) त्यानंतर विटा रचायचा हातातला गेम आला, आणि कॉलेजात असताना कुणीतरी वापरलेला एक प्लेस्टेशन. या तिन्ही वस्तू मी आजपर्यंत सांभाळल्या. हिंगोली, नांदेडचं हॉस्टेल, पुण्यातल्या दोन भाड्याच्या खोल्या आणि परत हिंगोली, असा त्यांचा प्रवास एका पत्र्याच्या पेटीतून झाला. प्रत्येक वस्तू सुती कापडात, कापडावर ओल शोषणाऱ्या पुड्या, पुड्यांवर तारीख. दर सहा महिन्यांनी पेटी उघडायची, पुड्या बदलायच्या, पेटी बंद करायची. चालू करायचं नाही, कारण चालू केल्याने वस्तू झिजते. लोक विचारायचे, इतक्या जुन्या वस्तूंचं करतेस तरी काय. मी काहीच करत नव्हते, आणि ते फार काटेकोरपणे करत होते.

आता जान्हवीच्या लग्नाचा दिवस. मुळातली चूक माझी आहे. चुलत बहिणीचं लग्न म्हणजे घरात पाहुणे, पाहुण्यांबरोबर लेकरं, म्हणून सुरक्षिततेसाठी मी पेटी घरातून उचलून मंगल कार्यालयात नेली आणि वधूपक्षाच्या खोलीत पलंगाखाली ठेवली. त्याच खोलीत रुखवताची खोकी होती. दोन प्रकारचा माल एका खोलीत ठेवताना वर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावं, हे मला मोंढ्यातला कुठलाही हमाल सांगू शकला असता. मिराकाकूंनी लेकीच्या सासरी एकावन्न नगांचं रुखवत येणार असं आधीच कळवून ठेवलं होतं. मांडायला घेतलं तेव्हा अठ्ठेचाळीस भरले. साखरेची तुळस, लवंगांचा मोर, सुपारीचे नवरा-नवरी, लोकरीचा गणपती, सगळं दोनदा मोजलं, तरी अठ्ठेचाळीसच. मी त्या वेळी स्टेजमागे होते, कारण कार्यालयाचे स्पीकर गुणगुणत होते आणि गुरुजींनी मंत्र सुरू करण्याआधी ते थांबवायचे होते. चाळीस मिनिटं लागली. तेवढ्यात काकूंनी पलंगाखालून पेटी ओढली, आतल्या तीन वस्तू कापडातून सोडवल्या, आणि एकावन्न भरले. काकूंच्या बाजूने हेही सांगायला हवं की तिन्ही वस्तू रुखवतात शोभतील इतक्या स्वच्छ होत्या. माझ्या देखभालीची एवढी तारीफ दुसऱ्या कुणी केलेली नाही.

खरा घोळ कार्डाने केला. रुखवतात काही नगांपुढे कार्डं ठेवलेली होती, त्यातल्या एकावर लिहिलं होतं, सासूबाईंच्या विसाव्याच्या क्षणांसाठी, सूनबाईकडून. ते पितळी पानाच्या डब्याचं कार्ड होतं आणि डबा घरी फ्रिजवर राहिला होता. नुसतं कार्ड बरं दिसत नाही म्हणून ते शेवटच्या नगापुढे, म्हणजे टीव्ही गेमपुढे, उभं करण्यात आलं. वरपक्षाच्या बायकांनी हे काय आहे असं विचारलं. काकूंनी यंत्राकडे पाहिलं, वायरींच्या टोकांना असलेले दोन रिमोट पाहिले, आणि पायांना आराम द्यायचं मशीन आहे असं सांगितलं. दोन पाय, दोन रिमोट. काहीच माहिती नसताना काढलेला इतका व्यवस्थित निष्कर्ष मी क्वचित पाहिला आहे.

मला कळलं तेव्हा रुखवत टेम्पोत चढत होतं. टेम्पोपाशी तुम्ही उभे होतात, कारण स्थळ तुम्ही जुळवलेलं आणि सामानावर नजर ठेवायचं कामही तुमच्याकडेच आलेलं. मी म्हणाले, हे माझं आहे. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, टेम्पोकडे पाहिलंत आणि म्हणालात, "फोटो निघाले आता. रुखवतातलं काढलं तर शालूबाई जल्मभर ऐकवील पोरीला. तुला हौस हाय तर दुसरं घिऊ." तुमचं म्हणणं बराबर होतं. वस्तू मला मिळाली असती आणि तिच्याबद्दलचे टोमणे जान्हवीने रोज स्वयंपाकघरात खाल्ले असते. म्हणून मी टेम्पोपासून बाजूला झाले. (दुसरं घेऊ, या वाक्याबद्दल मात्र तुम्हाला अजून माफ केलेलं नाही. आणलंत तुम्ही आणि ओळखलं नाहीत.)

मांडवपरतणीला जान्हवी आली तेव्हा तिने पिशवीतून विटांचा गेम आणि प्लेस्टेशन काढून गुपचूप माझ्या हातात दिले. ते तिच्या वाटणीचं सामान होतं, त्यामुळे विचारणारं कुणी नव्हतं. टीव्ही गेम कार्डामुळे सासूबाईंचा झाला होता. जान्हवी म्हणाली की आत्याबाईंनी (सासूला, म्हणजे शालूबाईंना, ती आत्याबाई म्हणते) तो खणात गुंडाळून कपाटात ठेवला आहे आणि किल्ली त्यांच्या कमरेला आहे. शालूबाई काय चीज आहेत हे तुम्हाला माहीत आहे. महिला बचत गटाच्या अध्यक्ष, गल्लीतल्या प्रत्येक लेकराच्या हातातला मोबाईल एकदा तरी काढून घेतलेल्या, आणि पोळीची जाडी दारातून ओळखणाऱ्या. अशा बाईच्या कुलपातून वस्तू काढायची तर कामाचं निमित्त हवं. ते माझ्याकडे होतं. मी इलेक्ट्रॉनिक वजनकाटे दुरुस्त करते, आणि शालूबाईंचे यजमान उकंडराव यांचं जवळा बाजारला कापूस-सोयाबीनच्या आडतीचं दुकान आहे. जिथे आडत आहे तिथे काटा आहे, आणि जिथे काटा आहे तिथे मला जाता येतं.

जुलैत बाजाराच्या दिवशी मी वीस किलोचं तपासणीचं वजन घेऊन एसटीत बसले. (कंडक्टरने वजनाचं तिकीट लागतं का यावर वसमत फाट्यापर्यंत विचार केला, मग म्हणाला पायाखाली ठेवा.) उकंडरावांचा काटा बिनचूक निघाला. मला जरा वाईट वाटलं. तरी मी तो पाऊण तास तपासला, म्हणजे जेवायला घरी चला असं म्हणायची त्यांच्यावर वेळ येईल. आली.

जेवताना मी विषय काढला. म्हणाले, रुखवतातल्या त्या मशीनची दर सहा महिन्यांनी तपासणी करावी लागते, नाहीतर बिघडतं. शालूबाई पोळी वाढता वाढता म्हणाल्या की ते बराबर आहे, कपाटात आहे, तपासायची गरज नाही. विषय संपला. माझ्या कामात मात्र गिऱ्हाईक काय सांगतं यावर थांबून चालत नाही, यंत्र काय सांगतं ते बघावं लागतं. मी खोलीत नजर फिरवली. टीव्हीच्या मागच्या बाजूला सगळीकडे धूळ होती, फक्त पिवळी आणि पांढरी पिन बसते ती दोन भोकं लख्ख होती. टीव्हीपासून तीन हातांवर सतरंजीचा एक चौकोन बसून बसून फिका पडला होता. आणि शालूबाईंनी दुसरी पोळी वाढली तेव्हा त्यांच्या डाव्या अंगठ्याच्या टोकाला मला घट्टा दिसला. विळ्याने तिथे घट्टा पडत नाही. सुईने पडत नाही. जपमाळेने तर नाहीच. तो कशाने पडतो हे मला माहीत आहे, कारण २००४ च्या उन्हाळ्यात माझ्या डाव्या अंगठ्याला तो अगदी तिथेच होता. मी आणखी भाजी घेतली.

हात धुवायला मागच्या अंगणात गेले तर जान्हवी तांब्या घेऊन मागे आली आणि तिने एका दमात सगळं सांगितलं. लग्नानंतर पहिल्या आठवड्यात आत्याबाईंनी दोन्ही रिमोट पायांखाली घेऊन दोन दिवस आराम येण्याची वाट पाहिली. मग भागवतने, म्हणजे जान्हवीच्या नवऱ्याने, ते एका रविवारी टीव्हीला जोडून दाखवलं आणि विसरून गेला. आत्याबाई विसरल्या नाहीत. उकंडराव दुकानात आणि भागवत औंढ्याला कामावर, की दुपारी एक ते साडेचार मधल्या खोलीचं दार आतून बंद होतं. आत्याबाई पडल्या आहेत असं म्हणायचं. टीव्हीचा आवाज शून्यावर असतो. आणि त्या साडेतीन तासांत जान्हवी माडीवर तलाठ्याच्या परीक्षेचा अभ्यास करते, जो लग्नानंतर सोडून दिला असं तिने सासरी सांगितलेलं आहे. (सून नोकरीला लागली की चूल पोरकी होते, असं शालूबाई लग्न ठरतानाच म्हणाल्या होत्या. तुम्ही तिथे होतात.) सासूला सुनेची पुस्तकं माहीत नाहीत, सुनेला मशीन माहीत आहे हे सासूला माहीत नाही, आणि दोन बंद दारांवर ते घर अतिशय सुखाने चाललेलं आहे.

जान्हवी म्हणाली, "ताई, ते नेऊ नको. ते मशीन हाय म्हणून माझी पुस्तकं हायेत." तिच्या हातातल्या तांब्यातलं पाणी माझ्या हाताऐवजी पायावर पडत होतं. मी तिला विचार करते म्हणून सांगितलं. हे खोटं होतं. मी वस्तू परत न्यायला आले होते आणि मला ती न्यायचीच होती. अभ्यास काय, लायब्ररीतही करता येतो, असं मी मनात म्हणाले. (जवळा बाजारात ती लायब्ररी सासरच्या घरापासून किती लांब आहे हे मी पाहिलं नाही. सहसा पाहते.)

तीन आठवड्यांनी शालूबाईंचा स्वतःहून फोन आला. त्यांनी माझी तब्येत विचारली, पाऊस विचारला, आईचा घसा विचारला, आणि मग आवाज खाली आणून म्हणाल्या की काट्याचं काम निघालं आहे, ये. काटा दुकानात असतो. शालूबाई दुकानात जात नाहीत. मी हत्यारांची पिशवी घेऊन निघाले. मधल्या खोलीत त्यांनी कडी घातली, कपाट उघडलं, खणातून यंत्र काढून माझ्यापुढे ठेवलं आणि भिंतीकडे बघत म्हणाल्या, "चित्र हालून राहिलं. परवापासून." एवढंच. चौकीत कबुली देणारा माणूस याहून जास्त बोलतो.

मी ते उघडलं. आतला एक कपॅसिटर वरून फुगला होता. हा भाग आत येणारी वीज सपाट करतो. वापरात राहिला तर टिकतो, वर्षानुवर्षं बंद ठेवला तर आतून सुकतो. म्हणजे शालूबाईंनी चार महिने खेळून तो खराब केला नव्हता. मी तो चौदा वर्षं जपून खराब केला होता, वर तारखा घातलेल्या पुड्या ठेवून. असे कपॅसिटर माझ्या पिशवीत कायम असतात, काट्यांनाही तेच लागतात. वीस मिनिटांचं काम. तरी मी झाकण लावलं आणि म्हणाले, इथे होणार नाही, हिंगोलीला न्यावं लागेल. नानामामा, मी कामात खोटं बोलत नाही. सात वर्षांत एकाही काट्यात न लागणारा भाग घातलेला नाही. हे वाक्य मात्र मी एसटीत बसून पाठ केलं होतं.

शालूबाईंनी वाद घातला नाही. त्यांनी खण पसरला, त्यावर यंत्र ठेवलं, दोन्ही रिमोटच्या वायरी आपल्या हाताने गुंडाळल्या (घट्ट नाही, मोठ्या सैल वेढ्यांत, जसं करायला हवं तसंच, हे मी आजवर कुणाला शिकवूनही आलेलं नाही) आणि गाठ मारता मारता म्हणाल्या, "ने. तुझंच हाय ते. खाली नाव हाय. लग्नाच्या दुसऱ्या दिशीच वाचलं मी. तू मागितलं न्हाई, मी दिलं न्हाई."

नाव होतं. शिवकन्या, इयत्ता तिसरी, तुकडी अ, निळ्या स्केचपेनने. मीच लिहिलेलं, आणि इतक्या वर्षांत ते कापडाखाली गेल्यामुळे माझ्याच लक्षातून गेलेलं. मी विचारलं, मग ठेवलंत कशासाठी. त्यांनी गाठ आणखी आवळली. मग म्हणाल्या, "तीस वर्सं झाली ह्या घरात. इसाव्यासाठी म्हणून कुनी काही दिलं न्हवतं." कपाटाच्या दाराला आतून ते कार्ड चिकटवलेलं होतं. ते पानाच्या डब्याचं आहे हे सांगण्याचं मला काही कारण दिसलं नाही.

मी गाठ सोडली. म्हणाले, पुन्हा एकदा बघते, कदाचित इथेच होईल. एकवीस मिनिटं लागली. एक मिनिट जास्त गेलं, कारण झाकण लावताना मी खालचं नाव एकदा वाचलं.

दुरुस्तीनंतर चाचणी घ्यावी लागते. चाचणी दोन तास चालली. खेळ रणगाड्यांचा आहे: आपला बुरूज मध्ये, भोवती विटांची भिंत, आणि चारी बाजूंनी शत्रूचे रणगाडे. दोघांनी मिळून बुरूज राखायचा. शालूबाई बुरूज सोडून पुढे जात नाहीत. भिंतीआड थांबून येईल त्याला उडवतात. पुढे जायचं माझ्याकडे. चुकून मी त्यांच्या रेषेत आले तर त्या मलाही उडवतात आणि वर विचारतात, "मधात काहून येऊन राहिली?" काविळीच्या दिवसांत तुम्ही माझ्याशी खेळताना मुद्दाम हरायचात. (मला तेव्हाही कळत होतं.) शालूबाई मुद्दाम काही करत नाहीत. खेळताना कुणी माझी गय केली नाही असं पहिल्यांदाच झालं, आणि मला ते फार बरं वाटलं. उठताना त्यांनी मला शपथ घातली. उकंडरावांना कळलं तर बाजारभर होईल, आणि गल्लीतली सगळी लेकरं दारात उभी राहून मोबाईलचा जाब विचारतील.

पुढच्या बाजाराला शपथेची परीक्षा झाली. सव्वातीनला उकंडराव चष्मा विसरला म्हणून अचानक घरी आले आणि दार वाजवायला लागले. शालूबाईंनी यंत्रावर गोधडी टाकली. मी टीव्ही बंद केला, वीस किलोचं वजन खोलीच्या मधोमध ठेवलं आणि दार उघडलं. त्याच वेळी जान्हवी आवाज ऐकून माडीवरून धावत खाली आली, आणि तिच्या हातात पुस्तक तसंच राहिलं होतं, पानात बोट घातलेलं. उकंडराव वजनाकडे बघत होते. जान्हवी गोधडीखालून बाहेर आलेल्या रिमोटकडे बघत होती. शालूबाई पुस्तकाकडे बघत होत्या. पुस्तकावर तलाठी भरती हे शब्द माझ्या तळहाताएवढे होते. उकंडरावांनी वजनावरून अंदाज बांधला आणि बायकोला विचारलं की तुझं वजन करून राहिले काय. त्यांना फक्त नजर मिळाली. मग त्यांनी पुस्तकाकडे हात केला, हे काय म्हणून. शालूबाई म्हणाल्या, "बचत गटाचं हाय. मीच दिलंय तिला लिहायला. तुमाला काय करायचं? चष्मा घ्या अन् जा." चष्म्याशिवाय उकंडरावांना मोठी अक्षरंही दिसत नाहीत, हे शालूबाईंच्या लक्षात होतं. चष्मा त्यांनी बाहेर ओट्यावर नेऊन दिला आणि डोळ्यांवर घालायच्या आत दार लावून घेतलं.

नंतर त्या दोघींत काही बोलणं झालं असेल तर मला माहीत नाही. जान्हवी म्हणते झालं नाही. दारं अजून बंद असतात. पण त्या दिवसापासून तीन वाजता शालूबाई खेळ थांबवतात, चहा करतात, कपावर बशी झाकून माडीच्या चौथ्या पायरीवर ठेवतात, एकदा खोकतात आणि परत बुरुजावर येऊन बसतात.

तर असं आहे. राग नाही. वस्तू चालू आहे, झिजते आहे, आणि झिजते आहे म्हणून टिकेल असा माझा तांत्रिक अंदाज आहे. पेटीतल्या उरलेल्या दोन वस्तूंच्या पुड्या मी काढून टाकल्या. विटांचा गेम बाबांना दिला. ते पेपर वाचायचे थांबले आहेत. मामींना नमस्कार सांगा आणि गुडघ्याला तेल लावत जा.

तुमची भाची,
शिवकन्या

ता. क. : वजनकाटा वर्षातून एकदा तपासायचा असतो. उकंडरावांचा मी जुलैपासून सात वेळा तपासला आहे. दर वेळी बिनचूक. उकंडराव आता बाजारात सांगतात की हिंगोलीची मॅडम दर आठवड्याला येऊन काटा बघते, असा खरा काटा तालुक्यात दुसरा नाही. त्यांच्याकडे माल जास्त यायला लागला आहे.

ता. क. २ : पत्र लिहायचं कारण हे. दर बाजाराच्या दिवशी मी नीट विंचरून जवळा बाजारला जाते, संध्याकाळी डोळे लाल करून येते, आणि विचारलं तर काटा म्हणते, यावरून तिथे कुणीतरी मुलगा आहे असा निष्कर्ष आईने काढला आहे. तिने तुम्हाला चौकशी करायला सांगितली आहे हेही मला कळलं आहे. नानामामा, मुलगा नाही. पण नाही असं तुम्ही सांगितलंत तर मग ही जाते कशाला, हा प्रश्न येईल, आणि आईला कळलं की मिराकाकूंना कळेल आणि मिराकाकू पानाचा डबा घेऊन मशीन परत आणायला जातील. जान्हवीची परीक्षा अजून व्हायची आहे. तेव्हा विनंती अशी की तुम्ही नाही म्हणू नये आणि होही म्हणू नये. चौकशी चालू आहे म्हणावं. घर चांगलं आहे, माणूस कष्टाळू आहे, स्वभाव तापट पण मन सरळ, आपलं घर सोडून कुठे जात नाही, एवढं सांगायला हरकत नाही. यात खोटं काही नाही.

ता. क. ३ : आईने पत्रिका मागितलीच तर शालूबाईंची जन्मवेळ मी विचारून घेतली आहे, सोबतच्या चिठ्ठीवर आहे. गुण तुम्ही बघा. मला वाटतं जुळतील.